जवळच्या ताऱ्यांभोवती तपकिरी बटू जोडीदार शोधताना खोटे उमेदवार कसे गाळायचे?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. बी.एस्सी. तृतीय वर्षाची चार मुलं प्रकल्प म्हणून २० पार्सेकच्या (सुमारे ६५ प्रकाशवर्षांच्या) आतल्या ताऱ्यांभोवती तपकिरी बटू (हायड्रोजन पेटण्याइतकं वस्तुमान नसलेल्या, ताऱ्यापेक्षा हलक्या वस्तू) जोडीदार म्हणून फिरतायत का ते शोधायलेत. नवीनच काही सापडलं पाहिजे असा हट्ट नाही, पण पद्धत चोख हवी. साधनं म्हणजे ८ जीबी रॅमचे दोन लॅपटॉप, टॉपकॅट (कॅटलॉग जुळवायचं सॉफ्टवेअर), पायथन, आणि ८ इंची परावर्तक दुर्बीण व एक मोनो सीमॉस कॅमेरा.

सध्याची रीत अशी आहे. गाया या अंतराळ दुर्बिणीच्या डीआर३ कॅटलॉगमधून ५० मिलीआर्कसेकंदांपेक्षा जास्त पॅरॅलॅक्सचे (पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून ताऱ्याचं दिसणारं सरकणं, त्यावरून अंतर निघतं) तारे काढले. प्रत्येकाभोवती १० आर्कमिनिटांचं वर्तुळ टाकून कॅटवाइज२०२० (वाइज या अवरक्त अंतराळ दुर्बिणीच्या चित्रांवरून केलेला कॅटलॉग) मधल्या नोंदी उतरवल्या. डब्ल्यू१ वजा डब्ल्यू२ (वाइजच्या दोन अवरक्त पट्ट्यांतल्या प्रतींचा फरक) हा रंग ०.८ च्या वर आणि निजगती (आकाशात दरवर्षी सरकण्याचा वेग) ताऱ्याच्या निजगतीपासून वर्षाला १०० मिलीआर्कसेकंदांच्या आत, अशी चाळणी लावली. तरी शेकड्यांनी उमेदवार उरतात. चाळणी कुठं सैल आहे?

एक उमेदवार मात्र मुलांना फारच पटलाय. तारा साधारण ४ प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा ठळक), निजगती वर्षाला १ आर्कसेकंदाच्या थोडी वर. त्याच्यापासून ५५ आर्कसेकंदांवर डब्ल्यू२ मध्ये ठळक ठिपका दिसतो, डब्ल्यू१ मध्ये जवळजवळ नाहीच. टूमास या जुन्या अवरक्त सर्वेक्षणात नोंद नाही, सिम्बॅड या माहितीसाठ्यात ती जागा कोरी. आणि २०१० पासूनच्या चित्रांत तो ताऱ्यासोबत तंतोतंत सरकतो. याचं पुढं काय करावं? आणि आमच्या ८ इंचीचा या कामात काही उपयोग आहे का?

---

गोदातीर (नांदेड)

मॅडम, आधी त्या ५५ आर्कसेकंदवाल्या ठिपक्याबद्दल. ‘तंतोतंत सरकतो’ हाच पुरावा मुलांनी सगळ्यात मोठा धरलाय आणि तोच इथं सगळ्यात फसवा आहे. वाइजच्या कॅमेऱ्यात ठळक ताऱ्याभोवती तेजोवलय, विवर्तनाचे काटे, प्रकाशीय भूत आणि डिटेक्टरवर मागे राहिलेला छाप, असे चार प्रकारचे खोटे डाग उमटतात. ते ताऱ्याच्याच प्रकाशाचे असतात, म्हणून तारा जिकडे जाईल तिकडे तेही जातात. त्यांची निजगती ताऱ्याशी शंभर टक्के जुळणारच. ४ प्रतीचा तारा वाइजला प्रचंड संपृक्त (पिक्सेल भरून वाहणारा) दिसतो (डब्ल्यू१ मध्ये साधारण ८ प्रतीपासून आणि डब्ल्यू२ मध्ये ७ च्या आसपास संपृक्तता सुरू होते), म्हणजे ५५ आर्कसेकंद हा भाग पुरता त्याच्या वलयातला.

ओळखायचं कसं? वाइज आकाशाची तीच जागा दर सहा महिन्यांनी बघायचा आणि दोन वेळांना स्कॅनची दिशा उलट असायची. प्रकाशीय भूत आणि छाप डिटेक्टरला बांधलेले, त्यामुळं ते एका फेरीत ताऱ्याच्या एका बाजूला आणि पुढच्या फेरीत दुसऱ्या बाजूला जातात. वाइजव्ह्यू या चित्रं चालवून दाखवणाऱ्या संकेतस्थळावर वर्षाची सरासरी न काढता सहामाही चित्रं वेगवेगळी चालवा. खरा जोडीदार दोन्ही फेऱ्यांत त्याच बाजूला, त्याच अंतरावर दिसतो. शिवाय ऑलवाइज या वाइजच्या आधीच्या कॅटलॉगमधला सीसी फ्लॅग, म्हणजे खोट्या डागांची खूण, बघा: डी म्हणजे काटा, पी म्हणजे छाप, एच म्हणजे वलय, ओ म्हणजे भूत. मोठं अक्षर असेल तर नोंद बनावट असण्याची शक्यता दाट. लहान अक्षर असेल तर वस्तू खरी असू शकते, पण मोजमाप दूषित आहे.

चित्रं चालवताना आणखी एक. वाइज फेब्रुवारी २०११ ते डिसेंबर २०१३ झोपेत होता. त्यामुळं चलचित्रात २०१० नंतर एकदम मोठी उडी दिसते. ती गतीतली वाढ नसून मधली वर्षं गायब आहेत एवढंच. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

आता चाळणीकडे.

वर्तुळ आर्कमिनिटांत ठरवू नका, खगोलीय एककांत (पृथ्वी ते सूर्य अंतर म्हणजे एक एकक) ठरवा. १०,००० एककांची हद्द घेतली तर १०,००० भागिले पार्सेकमधलं अंतर, एवढे आर्कसेकंद. २० पार्सेकला ५०० आर्कसेकंद म्हणजे ८.३ आर्कमिनिटं, १० पार्सेकला १६.७, आणि एप्सिलॉन इंडीसारख्या ३.६ पार्सेकवरच्या ताऱ्याला ४६. तुमची १० आर्कमिनिटं दूरच्यांसाठी जास्त आणि जवळच्यांसाठी कमी पडतात. कोकोनट्स-२ बी हा जोडीदार त्याच्या लाल बटू ताऱ्यापासून ५९४ आर्कसेकंदांवर आहे. तुमच्या ६०० च्या वर्तुळात तो अगदी काठावर सापडला असता, थोडा अलीकडच्या अंतरावर असता तर निसटला असता. आणि बघा, ती वस्तू वाइजच्या माहितीतून २०११ मध्येच प्रसिद्ध झाली होती, पण ती त्या ताऱ्याची जोडीदार आहे हे २०२१ मध्ये ओळखलं गेलं. दहा वर्षं दोन्ही नोंदी कॅटलॉगांत शेजारी शेजारी पडून होत्या! तुमचा प्रकल्प निरर्थक नाही, तो याच कारणानं.

कॅटवाइज२०२० मध्ये सुमारे १.९ अब्ज नोंदी आहेत, म्हणजे एका चौरस अंशाला सरासरी ४६ हजार. १० आर्कमिनिट त्रिज्येच्या वर्तुळात ४ हजार येतात. त्रिज्या दुप्पट केली की १६ हजार. म्हणून पहिल्या फेरीत आकाशगंगेच्या पट्ट्यातले, गांगेय अक्षांश १० अंशांच्या आतले तारे बाजूला ठेवा. तिथं दोन-तीन तारे एकमेकांत मिसळून भलतेच रंग आणि भलत्याच गती तयार होतात.

निजगतीची चाळणी हे तुमच्या शेकड्यांचं खरं मूळ. सगळ्या ताऱ्यांना सरसकट १०० मिलीआर्कसेकंदांची सूट दिली आहे. ज्या ताऱ्याची स्वतःची गतीच वर्षाला १२० आहे, त्याच्याभोवतीच्या जवळपास स्थिर दीर्घिकाही त्या सुटीत बसतात, कारण अंधूक नोंदींच्या गतीतली चूकच कित्येक दहा मिलीआर्कसेकंदांची असते. तारे निजगतीच्या उतरत्या क्रमानं लावा आणि वर्षाला अर्धा आर्कसेकंद किंवा जास्त गतीच्यांपासून सुरुवात करा. हिशेब सोपा आहे. वाइजची चित्रं २०१० ते २०२४ अशी १४ वर्षांची आहेत. ०.५ आर्कसेकंद गतीचा तारा तेवढ्यात ७ आर्कसेकंद सरकतो. वाइजची प्रतिमा ६ आर्कसेकंद रुंद असते, म्हणजे एक अख्खी प्रतिमा बाजूला जाते आणि डोळ्याला कळतं. ०.१ गतीचा तारा १.४ आर्कसेकंद सरकतो. वाइजचा पिक्सेल २.७५ चा, म्हणजे अर्धाच पिक्सेल. अशा ठिकाणी डोळे ताणून काही उपयोग नाही.

सूट किती द्यावी? नोंदीची स्वतःची त्रुटी आहेच (कॅटलॉगमधला त्रुटीचा स्तंभ घ्या, तिप्पट करा), त्यात कक्षेतल्या फिरण्याचा वाटा मिळवा. तो असा: सूर्याच्या पटीतलं एकूण वस्तुमान भागिले खगोलीय एककांतलं अंतर, त्याचं वर्गमूळ, गुणिले ६.३, भागिले पार्सेकमधलं अंतर. उत्तर वर्षाला आर्कसेकंदांत. सूर्याएवढा तारा, १,००० एककं, १० पार्सेक धरलं तर ०.०२ येतं, म्हणजे २० मिलीआर्कसेकंद. १०,००० एककांना जेमतेम ६. लंबवर्तुळाकार कक्षेसाठी दीडपट करा. म्हणजे दूरच्या जोडीदाराला कक्षेपोटी सूट जवळजवळ लागतच नाही, जी काही सूट ती मोजमापाच्या त्रुटीची.

ऑलवाइजमधली गती कृपया वापरू नका. ती २०१० आणि २०११ च्या सुरुवातीच्या, सहसा सहा महिन्यांच्या फरकाच्या फेऱ्यांवरून काढलेली आहे, त्यामुळं पॅरॅलॅक्सच गती म्हणून मिरवतो. ५ पार्सेकवरची वस्तू अर्ध्या वर्षात नुसत्या पॅरॅलॅक्सनं ०.४ आर्कसेकंद हलते. त्यातून वर्षाला ०.८ ची खोटी गती तयार होते.

स्थान जुळवताना काळ एक करा. गाया डीआर३ ची स्थानं २०१६.० ची आहेत, टूमासची १९९७ ते २००१ मधली. ग्लीझ ५७० ची निजगती वर्षाला २ आर्कसेकंद, म्हणजे १९९९ ते २०१६ मध्ये ३४ आर्कसेकंद. काळ न जुळवता ५ आर्कसेकंदांत शोधलंत तर टूमासमध्ये ‘नोंद नाही’ असं उत्तर येतं आणि मुलं त्यालाच लालपणाचा पुरावा समजतात.

रंगाचं म्हणाल तर ०.८ ही रेघ सक्रिय दीर्घिका गोळा करण्याची आहे, तपकिरी बटूंची नव्हे. तपकिरी बटूंचे उतरत्या तापमानानुसार एल, टी, वाय असे प्रकार आहेत, त्यातले एल प्रकारचे बटू या रेघेच्या खालीच राहतात. ते सोडून द्या, कारण २० पार्सेकच्या आतले बहुतेक एल गायामध्येच पॅरॅलॅक्ससह आहेत. एल५ ची गायाच्या जी पट्ट्यातली निरपेक्ष प्रत (१० पार्सेकवरून दिसली असती ती) १८.४ च्या आसपास, म्हणजे २० पार्सेकला ती जवळपास २० दिसते, आणि गाया २०.७ पर्यंत जातो. टी प्रकार मात्र गायाला फार जवळचेच दिसतात. म्हणून दोन स्वतंत्र शोध चालवा: एल साठी फक्त गाया, समान पॅरॅलॅक्स आणि समान गती; टी५ पासून पुढच्या टी आणि वाय साठी वाइज, रंग १.५ च्या वर. टी६ पासून पुढं हा रंग २ च्याही वर जातो, तिथं दीर्घिका जवळजवळ संपतात.

मग अंतराची चाचणी. उमेदवार खरोखर ताऱ्याच्याच अंतरावर असेल तर त्याच्या डब्ल्यू२ प्रतीतून अंतराचं माप (पार्सेकमधलं अंतर भागिले १०, त्याचा लॉग, गुणिले ५) वजा केल्यावर रंगाला शोभणारी निरपेक्ष प्रत यायला हवी. ग्लीझ ५७० डी घ्या: डब्ल्यू२ साधारण १२.१, अंतर ५.९ पार्सेक, माप उणे १.१५, निरपेक्ष प्रत १३.३. रंग अडीचच्या वर. टी७-टी८ ला हे बरोबर शोभतं. तोच रंग आणि निरपेक्ष प्रत ९ असं आलं तर ती वस्तू त्या ताऱ्याची नाही.

आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं, जे बहुतेक जण टाळतात: उलट गतीची चाचणी. तोच शोध, तेच तारे, पण प्रत्येक ताऱ्याच्या निजगतीची दोन्ही चिन्हं उलटी करा. त्यातून जे उमेदवार निघतील ते सगळेच्या सगळे खोटे असणार, कारण अशी गती त्या ताऱ्याला नाहीच. सरळ शोधात ३०० आणि उलट्यात २९० निघाले, तर तुमच्या ३०० मध्ये किती दम आहे ते समजलं. दोन आकड्यांत ठळक फरक पडेपर्यंत चाळणी घट्ट करत राहा.

---

बालाघाट_पठार (अंबाजोगाई)

गोदातीर सरांच्या उत्तराला एक दुरुस्ती आणि एक पुरवणी.

दुरुस्ती हद्दीबद्दल. १०,००० एककं ही सोय आहे, निसर्गाची भिंत नव्हे. प्रॉक्झिमा ही अल्फा सेंटॉरीच्या जोडीपासून सुमारे १३,००० एककांवर आहे आणि आकाशात ते अंतर २ अंशांहून जास्त भरतं. १०,००० च्या चाळणीतून आपली सगळ्यांत जवळची जोडीदारच गळून पडली असती. अहवालात हद्द स्पष्ट लिहा.

तसंच मूळ यादी डीआर३ वरून थेट काढू नका, त्यात गर्दीच्या भागातले खोटे मोठे पॅरॅलॅक्स शिरतात. १०० पार्सेकच्या आतल्या ३,३१,३१२ वस्तूंची गाया जवळच्या ताऱ्यांची यादी २०२१ मध्ये आली, तीत हे गाळलेले आहेत. तिच्यातून २० पार्सेकपर्यंतचे घ्या. व्याध किंवा अल्फा सेंटॉरीसारखे फार ठळक तारे गायात धड नाहीत, ते हिप्पार्कस या गायाच्या आधीच्या उपग्रहाच्या कॅटलॉगमधून भरा.

पुरवणी अशी की वाइजचा शोध फक्त लांबच्या जोडीदारांचा आहे. ग्लीझ २२९ बी हा १९९५ मध्ये जाहीर झालेला, मिथेन दाखवणारा पहिला तपकिरी बटू, तेव्हा ताऱ्यापासून ७.८ आर्कसेकंदांवर होता. वाइजच्या चित्रात तो ताऱ्याच्या झगझगाटात बुडालेला आहे. तुमच्या पद्धतीनं तो कधीच सापडणार नाही. आतल्या भागासाठी दुसरी वाट धरावी लागते: ताऱ्याचं डगमगणं.

हिप्पार्कसचं स्थान १९९१.२५ चं, गायाचं २०१६.० चं. दोन स्थानांतला फरक भागिले २४.७५ वर्षं, ही ताऱ्याची दीर्घकालीन सरासरी गती. गायानं मोजलेली गती ही त्या मानानं तात्कालिक. दोन्हींत फरक असेल तर कुणीतरी ताऱ्याला ओढतंय. टिमथी ब्रँट यांनी दोन्ही कॅटलॉग एका चौकटीत बसवून ही प्रवेगांची सारणी तयार केली, २०२१ ची आवृत्ती व्हिझिअर या कॅटलॉगांच्या संकेतस्थळावर मिळते. स्वतः वजाबाकी करत बसू नका, चौकटींच्या फिरण्याची दुरुस्ती त्यात केलेली आहे.

आकडा किती येतो ते बघा. १० पार्सेकवरच्या ताऱ्यापासून ३० एककांवर गुरूच्या ५० पट वस्तुमानाचा बटू असेल तर प्रवेग वर्षाला वर्षागणिक ०.२ मिलीआर्कसेकंद भरतो. दोन गतींतला फरक साधारण १२ वर्षांच्या प्रवेगाएवढा, म्हणजे अडीच मिलीआर्कसेकंद. सारणीची अचूकता यापेक्षा कितीतरी चांगली आहे, त्यामुळं हा संकेत ठळक उठतो. एचडी ३३६३२ चा तपकिरी बटू २०२० मध्ये असाच आधी प्रवेगावरून ताडला आणि मग सुबारू दुर्बिणीनं त्याचं चित्र घेतलं.

इथली फसगत वेगळी आहे. ओढ वस्तुमानाच्या प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३० एककांवरचा ५० गुरूंचा बटू आणि ६० एककांवरचा २०० गुरूंचा लाल बटू सारखंच ओढतात. ०.६ सौर वस्तुमानाचा श्वेत बटू १०६ एककांवरून तेवढंच ओढेल. म्हणून प्रवेग दिसला की आधी त्या ताऱ्याचे माहीत असलेले सगळे साथीदार तपासा, गायात १०-१५ आर्कसेकंदांच्या आत कोण आहे ते बघा, जुने जोडताऱ्यांचे कॅटलॉग बघा. बहुतेक वेळा ओढणारा साधा ताराच निघतो.

गायाचा आरयूडब्ल्यूई (मोजमापं एकट्या ताऱ्याच्या गणितात कितपत बसत नाहीत ते सांगणारा आकडा) १.४ च्या वर असणं हाही इशारा आहे, पण नुसता इशाराच. जवळ चिकटलेला मागचा तारा, ठळकपणा, साधा जोडतारा, कशानंही तो वाढतो. त्यावरून ‘तपकिरी बटू’ लिहू नका.

आणि अपेक्षा जमिनीवर ठेवा. सूर्यासारख्या ताऱ्यांच्या जवळ, सुमारे ३ ते ५ एककांच्या आत, तपकिरी बटू एका टक्क्याहून कमी ताऱ्यांना आहेत. याला तपकिरी बटूंचं वाळवंट म्हणतात. मोजायला अवघड म्हणून ही संख्या कमी आहे असं समजू नका: ५० गुरूंचा बटू एका वर्षाच्या कक्षेत सूर्यासारख्या ताऱ्याला सेकंदाला १.४ किलोमीटर हलवतो, हे कधीच सुटलं नसतं. ते खरोखरच तिथं कमी आहेत. लाल बटूंभोवतीही क्वचितच सापडतात. गाया-५ बी हा २१ गुरूंच्या आसपासचा, साधारण ३५९ दिवसांचा, २०२५ मध्ये जाहीर झालेला, त्यातलाच एक.

---

अजिंठारांग (छत्रपती संभाजीनगर)

८ इंचीबद्दल. टी किंवा वाय प्रकारचा जोडीदार तिच्यातून दिसणार नाही, कितीही एक्स्पोजर दिलं तरी. या वस्तूंचा प्रकाश १ मायक्रोमीटरच्या पलीकडे, आणि सिलिकॉनचा सेन्सर साधारण १.१ ला आंधळा होतो, ९०० नॅनोमीटरपासूनच त्याची संवेदनक्षमता झपाट्यानं उतरते. दुर्बिणीचा उपयोग मुलांना तपकिरी बटू प्रत्यक्ष दाखवण्यासाठी आणि निजगती स्वतःच्या हातानं मोजण्यासाठी करा.

त्यासाठी एलपी ९४४-२० घ्या. हा एकटा आहे, जोडीदार नाही, पण ६.४ पार्सेकवरचा, एम९ प्रकारचा, वर्णपटात लिथियम दाखवणारा खराखुरा तपकिरी बटू आहे. जे प्रत (१.२५ मायक्रोमीटरजवळच्या अवरक्त पट्ट्यातली) १०.७. विषुवांश ३ तास ४० मिनिटं, क्रांती उणे ३५ अंश २६ कला. लातूरहून तो जास्तीत जास्त ३६ अंश वर येतो. नोव्हेंबरच्या मध्यात मध्यरात्री, डिसेंबरअखेरीस रात्री नऊच्या सुमारास मध्यमंडलावर. हीच आपल्याकडची कोरडी हवा, आणि इथं कोरडेपणाला किंमत आहे: ९३० ते ९६० नॅनोमीटरमध्ये हवेतली वाफ प्रकाश खाते. दक्षिणेला गावाचा उजेड नसलेली जागा निवडा, ३६ अंशांवर धूळ आणि उजेड दोन्ही नडतात.

कॅमेऱ्यापुढचा अवरक्त रोधक काढा (मोनो कॅमेऱ्यात बहुधा साधी काच असते, तरी तपासा) आणि ८५० नॅनोमीटरपुढचं सोडणारा फिल्टर लावा. फोकस फिल्टर लावल्यावर पुन्हा करायचा, आधीचा चालत नाही. ३० सेकंदांच्या ६० चौकटी घ्या, मग तेवढ्याच फिल्टरविना. दोन्ही जुळवलेली चित्रं शेजारी ठेवली की एकच तारा अवरक्तमध्ये शेजाऱ्यांच्या मानानं उसळून येतो. तोच तो.

निजगती वर्षाला ०.४ आर्कसेकंद. १,००० मिलिमीटर नाभीय अंतर आणि ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर एक पिक्सेल ०.७८ आर्कसेकंदांचा, म्हणजे एका वर्षात अर्धा पिक्सेलच. प्रकल्पाच्या मुदतीत ते पुरत नाही. म्हणून अ‍ॅलाडिन या आकाशचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये डीएसएस या जुन्या सर्वेक्षणाच्या छायापट्टीवर स्वतःचं चित्र बसवा. चाळीस वर्षांचा फरक असला तर १६ आर्कसेकंद, वीस पिक्सेल. मुलांना जागा बदललेली सरळ दिसते.

उमेदवार टिकलाच तर पुढचं काम जवळच्या अवरक्तातल्या वर्णपटाचं. भारतात त्यासाठी हानलेच्या २ मीटर हिमालयन चंद्र दुर्बिणीवर टिरस्पेक आणि देवस्थळच्या ३.६ मीटरवर टॅनस्पेक (०.५५ ते २.५ मायक्रोमीटर) आहेत. वेळ प्रस्तावावर मिळतो. पुण्याच्या आयुकाशी संलग्न असलेले प्राध्यापक मराठवाड्यातही आहेत, त्यांना सोबत घेऊन प्रस्ताव लिहिला तर तो नीट बांधला जातो. प्रस्तावात जे प्रत हवीच. ती नसेल तर किती वेळ लागेल हे कुणालाच काढता येत नाही.

---

मांजराकाठ (लातूर)

गोदातीर सर, सहामाही चित्रं वेगळी केली. तो ५५ आर्कसेकंदवाला ठिपका एका फेरीत ताऱ्याच्या पूर्वेला आणि पुढच्या फेरीत पश्चिमेला आहे. सरासरीच्या चित्रात पूर्वेचा थोडा ठळक, म्हणून तोच नजरेत भरत होता. यादीतून काढला. उलट गतीच्या चाचणीत सरळ आणि उलट शोधाचे आकडे जवळजवळ सारखेच निघाले, म्हणजे आमची चाळणी खरंच काही गाळत नव्हती.

आता दोन शंका. टूमासमध्ये नोंद नसलेल्या उमेदवारांना जे प्रत कुठून आणायची? आणि ‘काहीच सापडलं नाही’ असं निघालं तर मुलांनी अहवालात लिहायचं काय?

---

गोदातीर (नांदेड)

जे प्रतीबद्दल: टूमासची मर्यादा जे मध्ये १५.८ आहे. ग्लीझ ५७० डी १५.३ चा, म्हणून २००० मध्ये तो टूमासमधूनच सापडला. तोच २० पार्सेकवर असता तर १८ च्या आसपास असता आणि टूमासला दिसलाच नसता. त्यामुळं टूमासमध्ये नसणं हे टी बटूच्या बाजूनंच आहे, अट एवढीच की तुम्ही काळ जुळवून, योग्य जागी बघितलंय. दक्षिण आकाशासाठी व्हिस्टा दुर्बिणीचं व्हीएचएस, उत्तरेसाठी युकर्ट दुर्बिणीचं यूएचएस ही अवरक्त सर्वेक्षणं बघा, दोन्ही टूमासपेक्षा कितीतरी खोल जातात. तिथं जे मध्ये ठिपका मिळाला तर दुहेरी फायदा: रंग मिळतो आणि वाइजपेक्षा कितीतरी नेमकं स्थान मिळतं. डब्ल्यू१ मध्ये वस्तू दिसत नसेल तर रंगाच्या जागी ‘कमीत कमी इतका’ असं लिहा, कॅटलॉगनं छापलेला आकडा जसाच्या तसा उचलू नका.

आता दुसरी शंका. शोध सुरू करण्याआधी माहीत असलेल्यांवर परीक्षा घ्या: ग्लीझ ५७० डी (२५८ आर्कसेकंद), एप्सिलॉन इंडी बी (४०२), रॉस ४५८ सी (१०२), वुल्फ ९४० बी (३२), कोकोनट्स-२ बी (५९४). तुमचा प्रोग्राम यातले कोणते पकडतो, कोणते सोडतो आणि का, हा अहवालाचा पहिला भाग. सुटला की कारण हुडका: चाळणीत गळला, शेजारच्या ताऱ्यात मिसळला, की गतीची त्रुटी मोठी होती. ग्लीझ २२९ बी सुटणारच आहे, तो मुद्दाम ठेवा.

दुसरा भाग म्हणजे प्रत्येक ताऱ्यासाठी आंधळा पट्टा. ताऱ्याभोवती वर्तुळाकार कडी आखा, समजा ३० आर्कसेकंद रुंदीची, आणि प्रत्येक कड्यात कॅटवाइजला सगळ्यांत अंधूक किती डब्ल्यू२ प्रतीपर्यंत नोंदी मिळाल्यात ते मोजा. ताऱ्याजवळ ही मर्यादा कोसळते, दूर गेल्यावर सपाट होते. त्या मर्यादेतून अंतराचं माप वजा केलं की निरपेक्ष प्रत, आणि तीवरून ‘या ताऱ्याभोवती इतक्या एककांपासून १०,००० पर्यंत टी८ किंवा त्याहून ठळक जोडीदार नाही’ असं वाक्य प्रत्येक ताऱ्यापुढं लिहिता येतं. हे वाक्य कामाचं आहे. २० पार्सेकच्या आतल्या सुमारे ३,६०० तारे आणि तपकिरी बटूंची गणना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत चार ताऱ्यांमागं एक तपकिरी बटू असं प्रमाण निघालं. अशा गणनेला ‘इथं नाही’ हेही ‘इथं आहे’ इतकंच लागतं.

जोडीदारच का शोधायचा, हे मुलांनी प्रस्तावनेत लिहावं असं मला मनापासून वाटतं. एकटा तपकिरी बटू सापडला की त्याचं तापमान कळतं, पण वस्तुमान कळत नाही. तो जन्मभर थंड होत जातो, म्हणून कोवळा हलका आणि म्हातारा जड असे दोन बटू एकाच तापमानाचे दिसतात. जोडीदार असला की वय, अंतर आणि धातूंचं प्रमाण ताऱ्याकडून मिळतं, आणि थंड होण्याची गणितं त्याच्यावर तपासता येतात. ग्लीझ २२९ बी चं वस्तुमान कक्षेवरून ७१ गुरू निघालं होतं, आणि एवढ्या जड बटूच्या मानानं तो फारच मंद होता. गणित चुकतंय की काय अशी शंका कितीतरी दिवस होती. २०२४ मध्ये कळलं की ते दोन आहेत, ३८ आणि ३४ गुरूंचे, १२.१ दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे. ताऱ्याशी बांधलेला नसता तर हा घोळ कुणाच्या लक्षातही आला नसता.

---

बालाघाट_पठार (अंबाजोगाई)

त्याला जोडून एक सूचना. अंतराच्या चाचणीत एखादा उमेदवार रंगाच्या मानानं पाऊण प्रतीनं ठळक आला, तर तो लगेच फेकू नका. सारखेच दोन बटू एका ठिपक्यात असले की ०.७५ प्रतीचा फरक पडतो. एप्सिलॉन इंडी बी हाही जवळून बघितल्यावर टी१ आणि टी६ अशी जोडी निघाला. चाचणीची खिडकी निरपेक्ष प्रतीच्या ठळक बाजूला एक प्रत मोकळी ठेवा, अंधूक बाजूला अर्धी पुरे.

आणि नोंदी उतरवताना सगळ्या ताऱ्यांची वर्तुळं एकदम मागू नका, व्हिझिअर मध्येच जोडणी तोडतो. एकेक ताऱ्याची फाइल स्वतंत्र जतन करा, नावात ताऱ्याचा गाया क्रमांक आणि त्रिज्या ठेवा. वीज गेली तरी जिथं थांबलं तिथून पुढं सुरू होतं, आणि उलट गतीच्या चाचणीला तीच फाइल पुन्हा वापरता येते, नव्यानं उतरवावी लागत नाही.